मोबाईलमधून कापसाचा पीळ दिसेल का?

प्रश्न: नमस्कार, मी जळगाव जिल्ह्यात शाळेत शिकवते. आमच्याकडे कापूस नि केळी दोन्ही भरपूर, मुलांना त्यांचे तंतू जवळून दाखवायचेत पण शाळेतला मायक्रोस्कोप बंद पडलाय. मोबाईलला लेन्स लावून जमेल का? आणि प्युअर कॉटन म्हणून घेतलेलं कापड खरंच कॉटन आहे का तेही कळेल का?

उत्तर: ताई, जमेल की! आधी कापूसच बघा. सरकीवरचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी, तीही अडीच-तीन सेंटीमीटर लांब, बोंड बंद असतं तोवर ती गोल नळी असते, बोंड फुटलं की वाळून चपटी होते आणि स्वतःभोवतीच पीळ खाते, म्हणून लेन्सखाली पिळलेल्या फितीसारखी दिसते. मला तर दर वेळी बघताना तितकंच नवल वाटतं. केळीच्या सोपटाचा धागा मात्र पुष्कळ पेशींची चिकटलेली जुडी असते.

जुन्या लेझर पॉइंटरची लेन्स (सेल आधी काढा) केसांच्या पिनेत धरून कॅमेऱ्यावर चिकटवली तरी तंतूचा आकार कळतो. पीळ स्पष्ट हवा तर फोल्डस्कोप बरा, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या टीमने २०१४ साली जगापुढे आणलेला घडीचा कागदी मायक्रोस्कोप, साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि लोहचुंबकाने मोबाईलला लावता येतो.

बहुतेकांचं फसतं कुठे, तर अख्खा धागा ठेवतात आणि नुसता काळा दोरखंड दिसतो. सुईने धागा उकलून दोन-चार तंतूच काचेवर घ्या, वर ग्लिसरीनचा थेंब, खालून उजेड, आणि फोटो टायमर लावून काढा म्हणजे हात हलत नाही.

कापडाचं म्हणाल तर ताण्याचा (उभा) नि बाण्याचा (आडवा), दोन्ही धागे तपासा, भेसळ कधी एकाच बाजूला असते. पॉलिएस्टर गुळगुळीत, सारख्या जाडीच्या काडीसारखं दिसतं, व्हिस्कोसवर (म्हणजे रेयॉनवर) तंतूच्या लांबीने उभ्या रेघा असतात. पण पीळ दिसला नाही म्हणून लगेच दुकानदाराशी भांडू नका हं, मर्सराइज्ड कॉटनला ताणून कॉस्टिक सोड्यातून काढतात, त्यात तंतू फुगून गोल होतो आणि पीळ बराचसा जातो. म्हणून शेजारी बोंडातला कापूस आणि शिलाईचा पॉलिएस्टर दोरा ठेवूनच ताडून बघा.