टेस्ट पायलट आणि अभियंता: दोन्ही होता येते का?

प्रश्न: माझा मुलगा बारावीला विज्ञान शाखेत आहे. गोव्यात दाबोळीला नौदलाची विमाने पाहिल्यापासून त्याने टेस्ट पायलट, म्हणजे नव्या विमानांची उडवून चाचणी घेणारा वैमानिक, होण्याचा ध्यास घेतला आहे. घरच्यांचा आग्रह मात्र अभियांत्रिकीचा आहे. त्याने आधी काय करावे? शिवाय हे काम म्हणजे निव्वळ जिवावर उदार होणे, असे आमच्याकडे सगळे म्हणतात. ते कितपत खरे?
– एक पालक, वेंगुर्ले

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. धोका आहेच. ‘मारुत’ या भारतात घडलेल्या जेट लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी करणारे सुरंजन दास १९७० मध्ये त्याच विमानाच्या सुधारित आवृत्तीची चाचणी घेताना मृत्युमुखी पडले. तरीही या कामात धाडसापेक्षा हिशेब फार मोठा असतो.

आपल्या मुलाने जे दाबोळी पाहिले, तेथील नौदलाच्या ‘हंसा’ तळावरच याचे उत्तम उदाहरण घडले. नौदलासाठीच्या ‘तेजस’ या लढाऊ विमानाने तेथील, विमानवाहू नौकेच्या डेकसारख्या चढत्या टोकाच्या धावपट्टीवरून २० डिसेंबर २०१४ रोजी प्रथम झेप घेतली, धावपट्टीवरील आडव्या तारेत शेपटीखालचा हूक अडकवून थांबण्याची चाचणी मात्र १३ सप्टेंबर २०१९ रोजी यशस्वी झाली आणि ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विमान ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरवले. मधली वर्षे का लागली, हे समजून घेण्यासारखे आहे. एरवी वैमानिक जमिनीला टेकण्यापूर्वी नाक किंचित उचलून विमान अलगद उतरवतो. नौकेवर ती चैन नाही. त्याच उताराने सरळ खाली यायचे, धक्का चाकांच्या सांगाड्याने सोसायचा, आणि हूक चुकलाच तर पुन्हा उडता यावे म्हणून टेकताक्षणी इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा. सांगाडा किती धक्का सोसेल, हे आकडेमोडीने ठरते आणि उड्डाणागणिक, एकेक पायरी चढत, पडताळले जाते. जमिनीवरचे अभियंते पडद्यावर मोजमापे पाहत असतात. ती मोजमापे आणि स्वतःला जाणवलेले वर्तन यांचा मेळ घालून काटेकोर अहवाल लिहिणे हे वैमानिकाचे काम. नुसते ‘विमान जड वाटले’ असे सांगून भागत नाही. ‘मारुत’चे जर्मन रचनाकार कुर्ट टँक हे अभियंते असूनही स्वतः रचलेली विमाने स्वतः उडवीत, यात म्हणूनच नवल वाटू नये.

आता पहिला प्रश्न. आपल्या घरातील वाद मला अनाठायी वाटतो. बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि गणित असल्यास एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा देता येते, आणि तेथील नौदल शाखेचे छात्र बी.टेक.च करतात. अभियांत्रिकीची पदवी घेऊन नंतर वायुदलाच्या एएफकॅट परीक्षेतूनही वैमानिक होता येते. पण थेट टेस्ट पायलट म्हणून भरती होत नाही. आधी काही वर्षे लढाऊ, मालवाहू विमाने किंवा हेलिकॉप्टर चालवण्याचा अनुभव, मग निवड, मग बंगळुरू येथील वायुदलाच्या टेस्ट पायलट स्कूलमधील अभ्यासक्रम, असा हा लांबचा रस्ता आहे.

अर्ज भरण्यापूर्वी मुलाच्या डोळ्यांची, विशेषतः रंग ओळखण्याच्या क्षमतेची, तपासणी जरूर करून घ्यावी. तेथे अडले, तरी चाचणी-उड्डाणांची आखणी करणाऱ्या अभियंत्यांचे प्रशिक्षणही त्याच स्कूलमध्ये होते, आणि अभियांत्रिकीची पदवी तेथे उपयोगी पडते.