पिशवीतलं दुसरं लुगडं

‘मॅडम, व्याख्यान ऐकलं की दोन दिवस अंगात बळ येतं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथंच.’

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार इतक्या जणांनी केली आहे की आता पहिल्या दोन शब्दांवरूनच पुढचं वाक्य कळतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं असतात, नुकतीच बढती मिळालेले अधिकारी असतात, बचत गटाच्या अध्यक्षपदी गावानं बसवलेल्या बाया असतात. मोबाईलमध्ये थोरांची वचनं साठवलेली, पहाटे पाचचा गजर लावलेला, कपाटात चरित्रांची रांग. आणि या सगळ्याच्या खाली एक लाज दडलेली असते: एवढं ऐकून-वाचूनही मी असाच, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे.

तसं मला कधी दिसलेलं नाही. थोरांची आयुष्यं आपण ज्या पद्धतीनं ऐकतो, तिथं घोळ होतो. तो कसा, हे मला एका शिक्षिकेनं फार स्वच्छ दाखवलं. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती गोष्ट सांगते. त्यांना इथं नुसतं ‘बाई’ म्हणू या. त्यांच्या शाळेतली मुलंही तसंच म्हणतात.

बाई ऊसतोडीला माणसं जातात अशा भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. ते भारदस्त गृहस्थ होते, आवाज चढवला की वर्ग गप्प. पद रिकामं राहिलं आणि ज्येष्ठतेनुसार चार्ज बाईंकडे आला. तेव्हापासून झोप उडाली. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक असली की आदल्या रात्री पोटात गोळा. एक सदस्य दर बैठकीला पोषण आहारावरून आवाज चढवायचे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री कुणीतरी टोमणा टाकायचं आणि बाई तो बारा वाजेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायच्या. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा टोमणा मारणारे रोजच भेटणारे.

यावर त्यांचा उपाय एकच: सकाळी उठल्या उठल्या प्रेरणादायी व्हिडिओ. ‘फाटकापर्यंत पुरतं,’ म्हणाल्या. ‘फाटकातून आत गेले की संपतं.’

या बाई जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांसाठी आसपासच्या शाळांत प्रसिद्ध. मुलांसमोर तासभर बोलतील, मोठ्यांसमोर घसा कोरडा. थोरांबद्दल त्यांना माझ्याहून जास्त माहिती होतं. अशा माणसाला आणखी एक गोष्ट सांगून काय उपयोग? म्हणून मी त्यांनाच सांगायला लावलं.

‘३ जानेवारीला मुलांना काय सांगता?’

‘सावित्रीबाईंचं? हेच की १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. लोक रस्त्यात शेण, चिखल, दगड फेकायचे. तरी त्या डगमगल्या नाहीत.’ मग आवाज खाली आला. ‘आणि मी बघा. ग्रुपवरच्या एका मेसेजनं रडते. मी त्या मातीची नाहीच.’

‘आणखी काय सांगता?’

‘आणखी... पिशवीत एक जास्तीचं लुगडं असायचं. मुलांना ते फार आवडतं.’

‘ते कशाला?’

‘अंगावरचं खराब झालं की शाळेत जाऊन बदलायला.’

‘म्हणजे घरातून निघतानाच त्यांना माहीत असायचं?’

बाई ‘हो’ म्हणाल्या आणि थांबल्या. मीही थांबले. अशा वेळी बोलायचा मोह फार होतो. तो आवरता येणं हीच माझ्या इतक्या वर्षांच्या कामाची कमाई, असं मी मानते.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, ‘मॅडम, मी दुसरं घेतच नाही. मी रोज हे धरूनच निघते की आज कुणी काही फेकणार नाही. आणि कुणी फेकलं की वाटतं, माझ्याच बाबतीत असं का?’

त्या क्षणी मला जे दिसलं ते आजवर कुठल्या पुस्तकात असं सापडलं नव्हतं. ते लुगडं आपण शौर्याच्या गोष्टीतला बारकावा म्हणून सांगतो. माझ्या लेखी खरी गोष्ट तीच आहे. शेण अंगावर पडल्यावर वाईट वाटत नाही, अशी अवस्था आधी गाठायची आणि मग घराबाहेर पडायचं, असं सावित्रीबाईंनी केलं नाही. शेण पडणार, हे गृहीत धरून त्यांनी सोय केली. वाईट वाटलं असेल, घाणही वाटली असेल, एखाद्या सकाळी नकोही वाटलं असेल. सोय होती म्हणून पाय थांबले नाहीत. कणखरपणा म्हणजे कातडी जाड असणं, असं समजून माणसं स्वतःची कातडी चाचपत बसतात आणि पातळ आहे म्हणून खचतात. पिशवी भरणं मात्र पातळ कातडीच्या माणसालाही जमतं.

मी विवेकनिष्ठ मानसशास्त्राच्या, म्हणजे त्रास देणारे आपले विचार तपासून बदलण्याच्या, वाटेनं जाणारी. ही वाट घालून देणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस स्वतः भित्रे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये अनोळखी स्त्रियांशी बोलायचा स्वतःला गृहपाठ दिला. शंभर जणींशी बोलले, तरी त्यातून एकही खरी भेट पदरात पडली नाही. भीती मात्र गेली. आधी धीर येऊ दे मग करतो, हा क्रम त्यांनी उलटा केला. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना व्हिडिओकडून तो आधीचा धीर हवा असतो. तो मिळतोही, फाटकापर्यंत.

मग आमचं काम सोपं झालं. बाईंच्या फाटकाच्या आत नेमकं काय काय फेकलं जातं, याची यादी आणि प्रत्येकासाठी पिशवीत काय ठेवायचं. पोषण आहाराच्या आरोपासाठी एक कागद: प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, या महिन्यात आलं किती, शिजलं किती, शिल्लक किती. माहीत नसलेल्या प्रश्नासाठी एक वाक्य पाठ: ‘तुमचं म्हणणं लिहून घेते, पुढच्या बैठकीत उत्तर देते.’ ग्रुप रात्री बंद. सकाळी पोळ्या झाल्यावर उघडायचा. आणि बैठकीत शेजारी एक सहशिक्षिका बसवायची.

या शेवटच्या गोष्टीला बाई तयार नव्हत्या. ‘चार्ज माझ्याकडे, दुसरीला कशाला त्रास?’ आजारी असतानाही त्या रजा घेत नसत. इथं मी त्यांना सावित्रीबाईंचंच १८५६ सालचं पत्र आठवून दिलं. आजारपणामुळे त्या माहेरी, नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांच्या सहकारी फातिमाचा उल्लेख आहे: आपल्या मागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती समजून घेईल, कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. जिला आपण एकटी दगड झेलणारी म्हणून उभी करतो, ती बाई आजारी पडत होती, काम दुसरीवर सोपवून माहेरी राहत होती, आणि सोपवल्याची रुखरुखही तिला होती. बाईंना हे पत्र माहीत होतं. भाषणात त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं. ‘त्यात प्रेरणा देण्यासारखं काही वाटलं नाही,’ म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

पुढची बैठक काही फार थाटाची झाली नाही. आवाज थरथरला. बाईंनी कागद वाचून दाखवला. त्या सदस्यांनी नेहमीप्रमाणे कुरकुर केलीच, पण आकड्यांपुढे फार वेळ टिकेना. मग बाईंनी त्यांना चव बघायला दर मंगळवारी बोलावलं. शिजवलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चाखायचं आणि नोंदवहीत सही करायची, हा नियमच आहे. गृहस्थ दोन मंगळवार आले. पुढं आले नाहीत.

यानंतर बाईंनी दुसरा प्रश्न काढला, तोही मी शेकडोदा ऐकलेला. ‘मी पुढारी नाही हो. सरांसारखा दरारा माझ्यात नाही.’

अशांना मी महर्षी कर्व्यांकडे पाठवते. यात माझा थोडा पक्षपात आहे. दरारेवाल्यांपेक्षा मला ही भिडस्त माणसं जास्त शिकवतात. मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी डोंगर-घाट तुडवत शंभराहून जास्त मैल चालत साताऱ्याला गेला, आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्याला बसू दिलं नाही. परत आला. पुढं १८९१ साली गोखल्यांनी त्यांना फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला बोलावलं. जागा कुणाची? टिळक सोडून गेले होते, त्यांची. प्रभारी मुख्याध्यापकानं क्षणभर कल्पना करून बघावी! लाजाळू स्वभावाचे कर्वे टिळकांच्या जागी उभे राहिले आणि टिळक व्हायच्या भानगडीत पडले नाहीत. गणित शिकवलं. पुढं हिंगण्याला आश्रम काढल्यावर चिखलातून पायी ये-जा केली, वर्गणी मागत फिरले. लोक त्यांच्या भाषणामुळे मागं आले असं नाही. हा माणूस उद्याही येणार, याची खात्री पटल्यामुळे आले.

ध्येयाचंही तसंच. ‘माझ्या आयुष्याचं ध्येयच सापडत नाही’ म्हणणारी तरुण मुलं येतात, तेव्हा मी कर्व्यांची सालं क्रमानं कागदावर मांडायला लावते. पहिली पत्नी गेल्यावर १८९३ साली त्यांनी एका विधवेशी लग्न केलं, म्हणजे फक्त स्वतःपुरता एक निर्णय घेतला. त्याबद्दल गावानं वाळीत टाकलं. १८९६ साली विधवांसाठी आश्रम. १९०७ साली महिला विद्यालय. मग जपानमधल्या स्त्री-विद्यापीठाबद्दलची एक पुस्तिका हाती आली आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभं राहिलं. तेव्हा वय अठ्ठावन्न, म्हणजे आपल्याकडे निवृत्तीचा नारळ देतात ते. १८९३ साली त्यांना कुणी ‘तुमचं ध्येय काय’ विचारलं असतं तर विद्यापीठ असं उत्तर आलं असतं का? मला नाही वाटत. आपण १९१६ कडून मागं बघत त्यांची गोष्ट वाचतो, त्यामुळे ध्येय पहिल्यापासून ठरलेलं दिसतं. जगताना ते एका कामातून पुढचं काम निघत वाढतं. म्हणून चरित्र वाचताना सत्काराची पानं भराभर उलटावीत आणि मधल्या कंटाळवाण्या वर्षांपाशी रेंगाळावं: पैसे कुठून आले, आजारपणात काम कुणी पाहिलं, नकार मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस कुठं गेला. तिथं उचलण्यासारखं काहीतरी आपल्या मापाचं असतं.

‘तुम्हाला शाळेत सगळ्यात जास्त काय खुपतं?’ मी बाईंना विचारलं. ध्येय हा जड शब्द मी मुद्दाम टाळते.

‘दिवाळीनंतरचे रिकामे बाक,’ त्या चटकन म्हणाल्या.

गळीत हंगाम सुरू झाला की आई-बाप कारखान्याला जातात आणि पोरंही बरोबर जातात. वसंतात परत येतात तेव्हा वाचायचंच विसरलेली असतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आजी-आजोबांकडे ठेवायची सोय होऊ शकते. पण कोण जाणार हे शाळेला कळतं ते मूल गेल्यावर. बाईंना यादी हवी होती, दसऱ्याच्या आधी. आणि अशी यादी गावात एकाच माणसाच्या डोक्यात असते: कारखान्याला तोडणी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या. कुठल्या नवरा-बायकोच्या जोडीनं किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, ती जोडी कुठल्या कारखान्याला तोडीला जाणार, हे त्याला तोंडपाठ.

मुकादम कोण, तर समितीतले तेच आवाज चढवणारे सदस्य.

‘त्यांच्या दारात जायचं?’ बाई कितीतरी वेळ पदर चाचपत बसल्या. मग स्वतःच म्हणाल्या, ‘ते काय काय बोलतील ते मला माहीत आहे. मी लिहूनच काढते.’ तिथं बसूनच त्यांनी चार वाक्यं लिहिली, पुढं आपली उत्तरं. मी एक शब्दही सुचवला नाही, हे जरा अभिमानानं सांगते.

त्या गेल्या. लिहिलेल्यांपैकी तीन वाक्यं मुकादमांनी खरोखर ऐकवलीच. चौथं ऐकवण्याऐवजी नातवाची वही काढून नावं सांगायला लागले. दहा मिनिटांत यादी झाली. दोन नावं अशीही, जी बाईंना स्वप्नातही वाटली नसती. त्या वर्षी काही आज्या मुलं ठेवून घ्यायला तयार झाल्या, काहींनी साफ नाही म्हटलं. म्हाताऱ्या माणसानं तीन-तीन पोरं सांभाळायची कशी, हाही प्रश्न खराच होता. वसतिगृहाचा प्रस्ताव समितीच्या ठरावानं वर गेला. सूचक तेच मुकादम.

बाई अजून मधूनमधून येतात. सकाळचे व्हिडिओ सोडा, असं मी बऱ्याचदा सुचवून पाहिलं. सोडलेले नाहीत. ‘आवडतात मला,’ म्हणतात. ‘फक्त आता चहाला उकळी येईपर्यंत बघते. मग बैठकीचा कागद काढते.’