डायनॅस्टी लीगमधला बॅकअप रनिंग बॅक ठेवावा की विकावा?

तुम्ही विचारलंय की फॅन्टसी फुटबॉलच्या (एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मोजायच्या खेळाच्या) डायनॅस्टी लीगमध्ये, म्हणजे जिथे खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात तिथे, तुमच्या बेंचवरचा बॅकअप रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा राखीव खेळाडू) स्टार्टर, म्हणजे त्याच्या संघाचा मुख्य रनिंग बॅक, जखमी असताना सलग दोन सामन्यांत शंभर यार्डांच्या वर गेला. आता एक जण त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क, देतोय. माझं मत विचाराल तर देऊन टाका, आणि स्टार्टर परत यायच्या आत द्या.

त्या दोन सामन्यांतले गुण कुठून आले ते आधी बघा. एक उदाहरण घ्या: 2021 मध्ये स्टार्टर डॅल्विन कुक नसताना मिनेसोटाच्या अलेक्झांडर मॅटिसनने सिअ‍ॅटलविरुद्ध 26 कॅरीत (म्हणजे 26 वेळा चेंडू घेऊन धावून) 112 यार्ड काढले आणि डेट्रॉइटविरुद्ध 25 कॅरीत 113. त्याला आपल्या संघात घ्यायला लोकांची झुंबड उडाली. पण सरासरी काढली तर कॅरीला साडेचार यार्डही पडत नाहीत. पन्नासहून जास्त वेळा चेंडू हातात आला म्हणून आकडा मोठा दिसला.

आता त्याच्याच 2019 च्या ड्राफ्टमधला (एनएफएल संघांनी नवे खेळाडू निवडले त्या वर्षीच्या फेऱ्यांमधला) डॅलसचा टोनी पोलार्ड त्याच्या शेजारी ठेवा. 2021 च्या अख्ख्या हंगामात मॅटिसनच्या 134 कॅरी, पोलार्डच्या 130. संधी जवळपास सारखीच. यार्ड मात्र मॅटिसनचे 491 आणि पोलार्डचे 719! दोघंही बॅकअपच, पण फरक तेव्हाच डोळ्यांसमोर होता. 2022 ला पोलार्डने 1,007 यार्ड काढले. मॅटिसनला 2023 मध्ये, कुक गेल्यावर, रान मोकळं मिळालं, तर 180 कॅरीत 700 यार्ड झाले आणि धावून एकही टचडाउन नाही.

अर्थात चांगल्या सरासरीवरही डोळे झाकून विसंबू नका. जानेवारी 2023 मध्ये पोलार्डच्या पायाचं हाड मोडलं. त्यानंतरच्या हंगामात 252 कॅरी मिळूनही सरासरी चारवर आली. आणि अटलांटाचा टायलर ऑल्जियर? पाचव्या फेरीत आलेला हा पोरगा पहिल्याच वर्षी, 2022 ला, 1,035 यार्ड धावला. पुढच्याच एप्रिलमध्ये संघाने आठव्या पिकवर बिजान रॉबिन्सन हा दुसरा रनिंग बॅक घेतला. ऑल्जियरने काय चुकीचं केलं होतं? काहीच नाही. उशिरा निवडलेल्या रनिंग बॅकमध्ये संघाचं फारसं काही गुंतलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या डोक्यावर दुसरा आणून बसवायला कुणाला जड जात नाही. मला तरी या सगळ्या हिशेबात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि लोक नेमकी तीच विसरतात.

मी बॅकअप धरून ठेवतो तो एकाच परिस्थितीत: पोरगा पहिल्या-दुसऱ्या वर्षात आहे, पास झेलतो, आणि त्याच्या पुढे असलेल्या स्टार्टरचा करार संपत आलाय किंवा संघाला तो महाग पडतोय. सिनसिनाटीचा चेस ब्राउन असाच. 2023 चा पाचव्या फेरीतला पिक. मार्च 2024 मध्ये तिथला स्टार्टर जो मिक्सन ह्यूस्टनला गेला, आणि संघाने झॅक मॉस हा दुसरा रनिंग बॅक आणला तरी त्या हंगामात ब्राउनने 990 यार्ड धावून वर 54 झेल घेतले. पासच्या वेळी ब्लॉकिंग, म्हणजे समोरच्या खेळाडूंना अडवणं, जमतं का तेही बघा. ते जमत नसेल तर तिसऱ्या डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला, जेव्हा बहुतेकदा पासच खेळतात) कोच त्याला बाहेर काढतो, आणि पीपीआर लीगमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक झेलाला गुण मिळतो तिथे, झेलांचे गुण तिथेच जातात.

तुमचा खेळाडू चौथ्या वर्षात आहे म्हणता. करार संपेल तेव्हा तो सव्वीसचा असेल, आणि रनिंग बॅकचं वय तिथून फार पुढे जात नाही.

स्टार्टरही तुमच्याच रोस्टरवर असेल आणि यंदा जिंकायची आशा असेल, तर मात्र हंगाम संपेपर्यंत थांबा. तसं नसेल तर समोरच्याला एवढंच विचारा की तो दुसऱ्या फेरीचा पिक कुणाचा आहे. तळाच्या संघाचा असेल तर आजच होकार कळवा, कारण तळाचा संघ फेरीत आधी निवडतो. पहिल्या नंबरवर असलेल्याचा असेल तर वर तिसऱ्या फेरीचा एक मागून बघा.