वाचकांचे प्रश्न: वाट चुकणारा झोरो

प्रश्न: माझा नववीतला मुलगा ‘वन पीस’ ही समुद्री चाच्यांची जपानी कार्टून मालिका बघतो. त्यातला झोरो सरळ वाटेवरही भरकटतो. असा वेंधळा माणूस कप्तानाचा इतका विश्वासू कसा?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, मला झोरो फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्याच्या तीन तलवारींपैकी पांढऱ्या म्यानातली कुइनाची. ती त्याची लहानपणची प्रतिस्पर्धी. ती अकाली गेली, तेव्हा त्याने तिच्या वडिलांकडून ती तलवार मागून घेतली. जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज होण्याचा तिला दिलेला शब्द तो अजून पाळतोय. डोक्यात हे एवढं घट्ट बसलेलं, की डावं-उजवं तिथं शिरतच नाही, असं मला वाटतं.

मालिकेतल्या थ्रिलर बार्कच्या कथेत तो कप्तान लुफीच्या सगळ्या वेदना स्वतःच्या अंगावर घेतो. रक्ताच्या थारोळ्यात उभा असतो आणि जहाजावरच्या स्वयंपाक्याने, सांजीने, विचारलं तर म्हणतो, काहीच झालं नाही. लुफीलाही सांगत नाही. मी तो भाग बघून रडले होते.

आमचे थोरले काका ठाणे स्टेशनात हमखास पूर्वेला बाहेर पडायचे, घर पश्चिमेला नौपाड्यात असून. पण कुणी आजारी असलं की रात्री उशाशी तेच. मुलाला थ्रिलर बार्क पुन्हा लावायला सांगा, तुम्हीही बसा.