सेटर पास होऊन गेली, पाच नव्या मुली आल्या: यंदा मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचं काय होईल?

मॅडम, तुमची पोस्ट वाचली. जुन्या सेटरसकट (सेटर म्हणजे अटॅकरला मारायला बॉल उचलून देणारी) चौघी पास होऊन बाहेर पडल्या, पाच नव्या प्रथम वर्षाला आल्या, त्यातल्या तिघी शालेय विभागीय स्पर्धा खेळलेल्या, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दोन महिन्यांवर. 'संघ कितपत मजल मारेल' हा तुमचा प्रश्न. तालुक्याच्या कॉलेजांत जुलै महिना असाच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मैदान आखणं, नेट 2.24 मीटरवर बांधणं वगैरे तुम्हाला सांगायला नको.

आधी कागद. नवी मुलगी कितीही उड्या मारत असो, पात्रता पक्की होईपर्यंत तिला पहिल्या सहा जणींत धरू नका. प्रवेश झाला म्हणजे ती खेळायला पात्र झाली असं नाही. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि प्रवेश अर्ज या तिन्हींवरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते पाहा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरही अर्ज परत येतो. दुसऱ्या बोर्डातून किंवा परराज्यातून आलेली असेल तर मायग्रेशन (स्थलांतर प्रमाणपत्र) लागेल, आणि ते मागवायला वेळ जातो. बहिःस्थ प्रवेश चालत नाही. पुढे आंतरविद्यापीठ संघात निवड व्हायची तर 25 वर्षांची अट आहे, शिवाय बारावीनंतर किती वर्षं गेली तेही मोजतात. मध्ये गॅप असलेल्या मुलीचं हे आत्ताच बघा. (प्रत्येक विद्यापीठाचं परिपत्रक थोडं वेगळं असतं आणि दरवर्षी बदलतं, त्यामुळे माझ्या शब्दापेक्षा यंदाचं परिपत्रक खरं माना.)

याच आवारातल्या अकरावी-बारावीच्या मुली सरावाला जरूर घ्या, पण त्यांची स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडची 19 वर्षांखालील. त्यांना हिशेबात धरून केलेला संघ हा संघच नव्हे. आणि फार्मसी, इंजिनिअरिंग किंवा बी.एड.च्या फेऱ्या लांबतात. तुमच्याकडे बी.ए.ला नाव घातलेली मुलगी तिकडे नंबर लागला की दाखला काढून मोकळी होते. तिचा दोष नाही, पण विचारून ठेवा. फी सवलत, वसतिगृह असं कुणी तोंडी कबूल केलं असेल तर ते प्राचार्यांच्या सहीनं लेखी करून घ्या; मुली मध्येच सोडून जातात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आता ज्यानं आम्हाला सगळ्यात जास्त रडवलं ते. कार्यालयाचं नाव घेत नाही. पात्रतेचा अर्ज नेला की खिडकीवर एक त्रुटी सांगायची, ती दुरुस्त केली की दुसरी. आधी फोटोवर शिक्का अर्धा आला नाही म्हणून, मग जन्मतारीख अक्षरी नाही म्हणून, मग साहेब दौऱ्यावर. सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या तर खिडकीचं काय बिघडतं, हे कुणाला कळलं असेल तर मलाही सांगा. पोच मागितली तर 'पोच कशाला, आम्ही आहोत ना'. त्यात प्रवेशिकेची मुदत संपली आणि आमची सेटर बाकावर बसली. सगळा सराव तिच्याभोवती बांधलेला होता, त्यामुळे पहिल्याच फेरीत संघाची घडी विस्कटली. सेटरऐवजी एखादी अटॅकर अडकली असती तर एवढं नुकसान झालं नसतं. म्हणून अर्ज प्राचार्यांच्या पत्रासोबत द्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, तेच पत्र त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा, आणि त्रुटी लेखी मागा. सगळ्यात आधी सेटरचा अर्ज.

आणि पहिल्या दिवसापासून दोन सेटर तयार करा. यावर माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. टीव्हीवर बघून सगळ्यांना 5-1 (एक सेटर, पाच मारणाऱ्या) खेळायचं असतं. त्यात बॉल एकाच हातातून निघतो, अटॅकरना लय मिळते, हे खरं. पण ती मुलगी पुढच्या रांगेत आली की तीन रोटेशनमध्ये (सर्व्हिस मिळवली की सगळ्या एकेक जागा सरकतात, ते रोटेशन) पुढे दोनच अटॅकर उरतात. आणि ती आजारी पडली की संपलं. 6-2 मध्ये (दोन सेटर, मागच्या रांगेतली सेट करते) पुढे कायम तिघी मिळतात, पण सेटर मागच्या रांगेतून पळत नेटवर यायला हवी आणि दोघींनाही मारता यायला हवं. फर्स्ट पास (समोरच्या सर्व्हिसवरचा पहिला पास) तीन मीटरच्या रेषेमागे पडत असेल तर ही चैन परवडत नाही. नव्या संघाला पहिले चार आठवडे 4-2 (चार मारणाऱ्या, दोन सेटर) द्या, सेटर पुढच्या रांगेतली. समोरचे प्रशिक्षक हसतील, हसू द्या. पासिंग सुधारलं की 6-2 करता येतं, आणि दुसरी सेटर आपोआप तयार असते. 5-1 मध्ये सेटर आणि रोटेशनमध्ये तिच्या कर्णरेषेत समोर असलेली आपलीच खेळाडू अशी जोडी बदलून भागवू म्हणाल, तर एका सेटमध्ये सहाच बदल मिळतात. जोडी आत-बाहेर केली की त्यातले चार संपले.

लिबेरोला (फक्त मागच्या रांगेत खेळणारी बचावाची खेळाडू) दुसरी सेटर धरत असाल तर जपून. तीन मीटरच्या आत उभं राहून तिनं ओव्हरहँड (डोक्यावरून बोटांनी) दिलेला बॉल अटॅकरनं नेटच्या वरून मारला तर फॉल्ट. शाळेतून आलेल्या मुलींना हे माहीत नसतं आणि स्थानिक पंच शिट्टी वाजवतातच. आत असेल तर अंडरहँडनंच द्यायची सवय लावा.

मजल किती, याचा अंदाज स्पायकिंग बघून बांधू नका. रिसिव्हिंग बघून बांधा. प्रत्येकीला 30 सर्व्हिस घ्यायला लावा, दहा-दहा एक, सहा आणि पाच नंबरच्या जागेवर (मागच्या रांगेतली उजवी, मधली आणि डावी). सेटर जागेवरून कुठेही देऊ शकते असा पास असेल तर 3 गुण, दोनच पर्याय उरले तर 2, नुसता उंच बॉल देता आला तर 1, पडला किंवा बाहेर गेला तर 0. सरासरी 1.8 च्या पुढे असलेल्या तिघी मिळाल्या तर संघ विभागात शेवटच्या चारांत येण्याच्या लायकीचा, असं मी धरतो. 1.4 च्या आसपास असाल तर ड्रॉ कसा लागतो त्यावर भिस्त. सर्व्हिस घ्यायला पाच जणींची डब्ल्यू (W) आकाराची रचना सुरक्षित वाटते, पण दोघींच्या मधला बॉल 'तुझा की माझा' करत मातीत पडतो. चौघींची अर्धगोल रचना करा, सेटर आणि मधली ब्लॉकर मोकळी ठेवा.

अटॅकरसाठी उंचीपेक्षा उडी मारून हात कुठवर पोचतो ते भिंतीवर खडूनं मोजा. 2.50 मीटरच्या खाली असेल तर ती ताकदीनं मारून नेटमध्ये घालणार, तिला प्लेसिंग (मोकळ्या जागी बॉल टाकणं) शिकवा. सरावात नोंद ठेवा: 40 बॉलमध्ये 14 गुण आणि 8 चुका म्हणजे 14 वजा 8, भागिले 40, म्हणजे 0.15. शालेय पातळीवरची 'जोरदार स्पायकर' इथे बऱ्याचदा शून्याखाली निघते. सर्व्हिसचंही तसंच. दहातल्या आठ आत पडेपर्यंत जंप सर्व्हिस बंद, साधी फ्लोट (बॉल न फिरवता मारलेली सर्व्हिस) मारा, पाच आणि सहाच्या मधल्या फटीत.

नव्या मुली बारावी, सीईटी करत फेब्रुवारीपासून बसून असतात. पहिल्याच आठवड्यात त्यांना बॉक्सवरून उड्या मारायला लावणं म्हणजे गुडघे मोडायचं आमंत्रण. पहिल्या आठवड्यात एका सत्रात 40 उड्यांपेक्षा जास्त नको, मग हळूहळू वाढवा. दोन्ही पायांवर उतरणं, गुडघे वाकलेले आणि पंजाच्या रेषेत, आत झुकलेले नाहीत, एवढं रोज दहा मिनिटं. पावसामुळे बास्केटबॉलच्या काँक्रीटवर सराव हलवाल, तर तिथे फक्त पासिंग आणि सेटिंग. कुणी लवकर दमत असेल तर आळशी ठरवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. मी डॉक्टर नाही, गोळ्या डॉक्टरांनाच विचारून.

जाता जाता: स्पर्धेत कोणत्या कंपनीचा बॉल आहे ते परिपत्रकात असतं, किमान शेवटचे दोन आठवडे त्याच बॉलवर खेळा. आणि निवड झालेल्या मुलींच्या प्रमाणपत्राबरोबर संघाच्या प्रवेशिकेची प्रत कॉलेजात जपून ठेवा. पुढे नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी पडताळणी होते तेव्हा कामी येते.

उरलेल्या जुन्या मुलींमध्ये ओव्हरहँड कुणाचा बरा आहे आणि डावखुरी कुणी आहे का, ते इथे टाका. मग रोटेशन कसं लावायचं ते बघू.