‘बायकी’ म्हणजे नेमके काय?

जळगावात समुपदेशनाचे काम सुरू करून आता वीस वर्षे होऊन गेली. या काळात आईवडिलांनी माझ्यापुढे मांडलेल्या काळज्यांपैकी एक काळजी जवळजवळ त्याच शब्दांत आणि त्याच दबक्या आवाजात पुन्हा पुन्हा माझ्यापर्यंत आली आहे : “आमचा मुलगा जरा बायकी वागतो, हे वेळेवर सुधारेल ना?” विचारणाऱ्यांत शेतकरी असतात, दुकानदार असतात, शिक्षकही असतात. गेल्या महिन्याभरात तीन घरांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून त्यांच्याआधी येऊन गेलेल्या एका घराची हकिगत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

चोपडा तालुक्यातील एक केळी उत्पादक शेतकरी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलाला बाहेर बाकावर बसवून ते एकटेच आत आले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्यांवर केळीच्या चिकाचे काळपट डाग होते, जे कितीही धुतले तरी जात नाहीत. खुर्चीच्या कडेवर टेकत ते म्हणाले, “ताई, मना पोऱ्या बायकी शे. लोके हसतस.” एका नातेवाइकाने त्यांना इंजेक्शनचा कोर्स सुचवला होता, तर दुसऱ्याने दूरच्या वसतिगृहात टाकून व्यायामशाळेला जुंपण्याचा सल्ला दिला होता.

पहिल्याच भेटीत मी त्यांना स्पष्ट सांगितले की मुलाचा आवाज, चालण्याची ढब किंवा हातवारे हा आजार नाही आणि त्यावर इंजेक्शन नाही. त्यावरून तो पुढे कोणावर प्रेम करील याचा अंदाजही बांधता येत नाही. आणि त्याचा ओढा उद्या मुलांकडे असल्याचे कळले, तरी तोही आजार ठरत नाही. असा कल उपचाराने ‘बदलून देतो’ म्हणणारा कोणी भेटलाच, तर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, हे त्यांच्या कानावर घातले. त्यांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावरचा ताण हटला नाही. माहितीने भीती थोडी पातळ होते, जात नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मग मी त्यांना एकच अट घातली. या खोलीत ‘बायकी’ हा शब्द वापरायचा नाही; मुलगा काय करतो, तेवढेच सांगायचे. माणसाला लावलेले विशेषण बाजूला काढले की उरलेल्या क्रियापदांकडे शांतपणे पाहता येते, यावर माझा पक्का विश्वास आहे, आणि माझ्या कामाचा निम्मा भाग एवढाच आहे असे म्हटले तरी चालेल. त्या शेतकरी भाऊंना ते जड गेले. बराच वेळ थांबून त्यांनी सांगितले : तो हळू बोलतो. आजीजवळ बसून तिला पापड लाटू लागतो. गोऱ्हा विकला त्या दिवशी तो जेवला नाही, रडत बसला. कोणी ओरडले तर उलट बोलत नाही.

“यातले कोणते थांबवायचे?” मी विचारले. त्यांना उत्तर देता आले नाही.

मुलाशी झालेल्या भेटी वेगळ्या होत्या. तो रात्री मोबाईलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून तो जाड करण्याचा सराव करत असे आणि वर्गात वाचायला उभे राहावे लागू नये म्हणून मराठीच्या तासाला दांडी मारत असे. तिसऱ्या भेटीत त्याने मलाच विचारले, “मॅडम, बायकी म्हणजे नेमके काय? मुले मला ‘फेमिनिन’सुद्धा म्हणतात. त्याचा अर्थ वाईट असतो का?”

इतका सरळ प्रश्न मोठ्यांपैकी कोणी मला विचारला नव्हता. त्या दिवशी आम्ही तासभर फक्त शब्दांवर बोललो. ‘फेमिनिन’च्या मुळाशी ‘फेमिना’ म्हणजे स्त्री हा लॅटिन शब्द आहे आणि भाषेचे अभ्यासक त्याचा धागा दूध पाजण्याच्या अर्थाच्या प्राचीन धातूपर्यंत नेतात. आपल्याकडचा ‘धेनु’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. ‘स्त्रैण’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘स्त्रीसंबंधी’ इतकाच होता. पाणिनीने एकाच सूत्रात ‘स्त्रैण’ आणि ‘पौंस्न’ असे दोन्ही शब्द सिद्ध केले आहेत. पुरुषासंबंधीचा ‘पौंस्न’ आपण विसरून गेलो, ‘स्त्रैण’ मात्र टोचण्यासाठी जपून ठेवला. बाईला ‘मर्दानी’ म्हटले की गौरव आणि पुरुषाला ‘बायकी’ म्हटले की अपमान, हा भेद शब्दात नाही. बाईला कमी लेखणाऱ्या मनात तो आहे. ‘हातात बांगड्या भरल्यास का?’ असे विचारणाऱ्याच्या घरातली सगळी कामे त्या बांगड्यांचे हातच करत असतात.

मग मी त्याला विचारले, हिंमत ती की तो? ती. जिद्द? ती. ताकद? तीही तीच. तो जरा थांबला आणि भेटी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच हसत म्हणाला, “मॅडम, मिशीसुद्धा ती.” त्या तीन शब्दांनंतर तो खुर्चीत सैल बसला. व्याकरणातले लिंग आणि माणसाचा स्वभाव यांचा परस्परांशी संबंध नाही, हे त्यालाही माहीत होते. पण ज्या शब्दाची त्याला दहशत वाटत होती, तो हातात घेऊन उलटसुलट पाहता येतो, हे त्याला त्या क्षणी उमगले.

सँड्रा बेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये 60 गुणविशेषणांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात पुरुषी आणि स्त्रीसुलभ गुण एकाच पट्टीची दोन टोके न मानता स्वतंत्रपणे मोजले जातात, म्हणजे एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात. मला ही मांडणी मनापासून पटते, कारण खान्देशात ती आधीपासून जगली गेली आहे. अमळनेरच्या शाळेत शिकवताना छात्रालयातील मुलांना आईच्या मायेने सांभाळणाऱ्या आणि पुढे स्वातंत्र्यासाठी तुरुंग पत्करणाऱ्या साने गुरुजींना आपण ‘मातृहृदयी’ म्हणतो, आणि तसे म्हणताना कोणी दबका आवाज काढत नाही. हिवाळ्यात शेतात जमून वांगी भाजून भरीत ठेचणारे आपले पुरुष उत्तम स्वयंपाक करतात. त्यांनाही कोणी बायकी म्हणत नाही.

वडिलांना मात्र पुस्तकातले नव्हे, त्यांच्या शेतातलेच काही सापडायला हवे होते. ते अचानक सापडले. पाचव्या भेटीत मी सहज केळीच्या कापणीबद्दल विचारले, तेव्हा ते दोन्ही हात पुढे करून सांगू लागले की घड उतरवताना एकाने दांडा कापायचा आणि दुसऱ्याने घड खांद्यावर झेलायचा, तोही तान्ह्या बाळासारखा; जरा आदळला, तरी दुसऱ्या दिवशी सालीवर काळा डाग उमटतो आणि भाव पडतो. “मजूर फेकतात,” ते म्हणाले, “पण आमच्या पोराचा हात फार चांगला आहे. त्याने धरलेल्या घडाला डाग पडत नाही.”

मी काहीच बोलले नाही. त्यांचे हात अजून तसेच, बाळ धरल्यासारखे, हवेत होते. त्यांनी त्या हातांकडे पाहिले, मग बाहेरच्या बाकाच्या दिशेने पाहिले आणि हळूच ते मांडीवर ठेवले. “मीच शिकवलं त्याला,” इतकेच ते म्हणाले. असा क्षण समुपदेशकाला घडवून आणता येत नाही. तो येईपर्यंत गप्प बसण्याची तयारी ठेवावी लागते, आणि ती तयारी माझ्यात आहे याचे मला समाधान आहे.

हीच काळजी घेऊन येणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की त्यांनी मुलाला सुधारण्याआधी त्याला छळणाऱ्यांकडे लक्ष द्यावे. शाळेत जाऊन वर्गशिक्षकांशी बोलावे आणि चिडवणे थांबवणे ही शाळेची जबाबदारी आहे हे ठामपणे सांगावे. भावाशी तुलना करू नये, व्यायाम शिक्षा म्हणून लादू नये, आणि मुलीला ‘पुरुषी’ म्हणून हिणवले जात असेल, तर तेही याच गंभीरतेने घ्यावे. मूल जेवणे टाळू लागले, शाळा सोडतो म्हणू लागले किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर केव्हाही बोलता येते.

त्या मुलाचा आवाज आजही मृदूच आहे. ध्वनिमुद्रणे त्याने पुसून टाकली आहेत आणि मराठीच्या तासाला तो बसतो. शेवटच्या भेटीत वडिलांनी त्याचे कौतुक सांगायला सुरुवात केली, “तसा तो थोडा बाय…” आणि मध्येच थांबले. योग्य शब्द शोधायला त्यांना वेळ लागला. मुलगा त्यांच्याकडे पाहत होता.

“हळुवार शे,” ते म्हणाले.