घाटात पाय दाबला तरी गाडी उचलत नाही, टर्बो बदलावा का?

तुमची १.३ लिटरची जुनी डिझेल गाडी आहे. सपाटीला बरी चालते, पण एसी लावून चार माणसं बसली की मांजरसुंब्याच्या घाटात पिकअप मिळत नाही. पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी हळूहळू उचलते. गॅरेजवाल्यानं 'टर्बो गेला', म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा खराब झाला, म्हणून सांगितलंय. मी बीडला डिझेल गाड्यांचंच काम करतो. टर्बो इतक्यात उतरवू देऊ नका.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. हे इंजिन मूळ फियाटचं, मारुती आणि टाटा दोघांनीही वापरलेलं. १२४८ सीसी, आणि ७५ हॉर्सपॉवरच्या ट्यूनिंगमध्ये त्याचा पूर्ण जोर साधारण १७५० ते २००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो. त्याच्या खाली टर्बो नीट जागा होत नाही. घाटात चौथ्या गिअरमध्ये कमी स्पीडला आरपीएमचा काटा १५०० च्या आसपास किंवा खालीच रेंगाळतो, तिथं तुम्ही कितीही दाबा, नवी गाडीसुद्धा अशीच रडते. तिसरा टाकून काटा दोन हजारांच्या वर ठेवून एकदा घाट चढून बघा. तक्रार तेवढ्यानंच गेली तर गाडीला काही झालेलं नाही.

नाही गेली, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साठच्या स्पीडला पाय पूर्ण दाबा आणि काटा बघा. काटा झपकन वर गेला आणि स्पीड मागंच राहिला, तर क्लच घसरतोय. जळकट वास आला तर शंकाच नको, क्लच सेट बदलायचा. काटाच जड जड चढत असेल, तर इंजिनाला हवा किंवा डिझेल कमी पडतंय. हा फरक करायला पैसा लागत नाही, आणि तो न करताच लोक हजारो रुपये घालवतात.

मग सायलेन्सरचा धूर बघा. मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगा, आरशात नीट कळत नाही. पाय दाबल्यावर काळा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, हवा कमी आहे. धूर नाही, पण चढावर आणि जास्त आरपीएमला दम तुटतो, तर डिझेल फिल्टर चोंदलाय किंवा त्यात पाणी साचलंय. पाणी काढून टाका, फिल्टर जुना असेल तर बदलूनच टाका.

आपल्याकडं बहुतेक वेळा हवेचीच बाजू निघते. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत शेतरस्त्यानं फिरलेल्या गाडीचा एअर फिल्टरचा डबा उघडला, की तळाला भुसकट आणि काळ्या मातीची धूळ निघते. कधी उंदरानं आत चिंध्या आणून ठेवलेल्या असतात. कागदी फिल्टर उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर हवा मारत बसू नका, नवा टाका. हवा मारायचीच असेल तर आतल्या स्वच्छ बाजूनं बाहेर, उलट मारलीत तर धूळ कागदात रुतून बसते.

फिल्टर चांगला असेल तर टर्बोपासून इंटरकूलरकडं (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनाकडं जाणारे रबरी पाईप तपासा. टर्बोच्या नावावर खपवला जाणारा बिघाड बरेचदा इथंच असतो. इंजिन थंड झाल्यावर पाईपच्या खालच्या बाजूनं बोटं फिरवा, क्लॅम्पच्या अलीकडं-पलीकडं. थोडा तेलकटपणा चालतो. पण एकाच जागी तेलानं भिजलेली धूळ चिकटली असेल तर पाईप दाबून वाकवा. चीर गाडी उभी असताना मिटलेली असते, दाब आला की उघडते. म्हणूनच उभ्या गाडीत रेस देऊन तपासणाऱ्याला काही सापडत नाही आणि चढावर मात्र पुढून 'सुस्स' असा आवाज येतो. पाईप किंवा क्लॅम्पचा खर्च टर्बोच्या तुलनेत किरकोळ.

एवढं करून बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी ०२९९ हा कोड आला तर टर्बोचा दाब कमी पडतोय एवढंच कळतं. टर्बोच खराब आहे असं तो कोड सांगत नाही, चिरलेल्या पाईपनंही तोच येतो. गाडी रोज गावातल्या गावातच फिरत असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीनं अडकून उघडा राहतो आणि जळका धूर नको तेव्हाही इंजिनात शिरतो. तो काढून साफ करता येतो. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर मात्र त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेनं धुवायचा, फडक्यानं पुसलात तर आतला नाजूक भाग गेलाच समजा.

टर्बोची पाळी शेवटी. पंखा हातानं फिरवून तो बाहेरच्या घराला घासतो का ते बघायचं. पात्यांच्या कडा खरचटल्या असतील, निळा धूर येत असेल आणि इंजिन ऑईल उतरत असेल, तर मग टर्बो उतरवा.

आणि पेडलला जोडायचा तो पिकअप बॉक्स कुणी सुचवला तर घेऊ नका. तो फक्त अर्धा दाबलेला पाय पाऊण दाबलाय असं इंजिनाला कळवतो, ताकद आहे तेवढीच राहते.